धडा नसलेली वस्तू

आमच्या सबंध परगण्यात माझ्यासारखा फिरक्या घेणारा माणूस झाला नाही. मी ज्याला फसवायचं ठरवलं तो फसलाच. एकही सुटला नाही. (एकदोघं सुटले. बरं, सहासात. आर्डिसला विचारलंत तर ती आकडा आणखी फुगवेल, म्हणून तिला विचारू नका. आर्डिस म्हणजे माझी बायको.) हॉटेलातल्या मीठदाण्यांची झाकणं सैल करून ठेवणं, शेजाऱ्याच्या अंगणातल्या बर्फाच्या माणसाला त्याच्याच सासूची टोपी घालणं, असली कामं मी सत्तरी ओलांडल्यावरही नेमानं करतो. शाळेत असताना मास्तरांच्या जेवणाच्या डब्यात बेडूक ठेवला होता. आठवीनंतर शाळेनं मला निरोप दिला, त्यात त्या बेडकाचा हात होता. मग मी अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. तेव्हा ह्या लिखाणात शहाणपण शोधू नका, सांडलंच कुठे तर पुसून घ्या.

पास्टर जोनस आमच्या चर्चमध्ये येऊन दीड वर्ष झालं. वय एकतीस. दाढी अशी, की मुद्दाम वाढवलीय की करायची राहून गेलीय ते कळत नाही. (समोर मी त्याला 'अहो पास्टर' म्हणतो. इथे एकेरीत लिहितोय, कारण माझी मासे धरायची काठी त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे.) ह्या पोराला एकच खोड. त्याला जिथेतिथे येशू दिसतो. टीव्हीवरच्या स्पर्धेत एका बाईचा तीन मजली केक कोसळला, की रविवारच्या उपदेशात वाळूवर घर बांधणारा मनुष्य हजर. मोबाइलची बॅटरी दोन टक्क्यांवर आली, की "मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, माझ्यापासून वेगळे होऊन तुम्हांला काही करता येत नाही." पोरं ते अंगरखा फडकावत उडणाऱ्या लोकांचे सिनेमे बघतात ना, त्यातही ह्याला कुणीतरी जगासाठी जीव टाकताना सापडतोच. आणि आमचा फुटबॉलचा संघ शेवटच्या मिनिटाला हरला (तो दरवर्षी हरतो), की लगेच, "विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी."

आर्डिसला हे फार आवडतं. "चाळीस वर्षं मी उपदेशात डुलक्या काढल्या, ऑर्लिन," ती म्हणते, "आता जागी असते."

हार्लन क्विस्टला हे बिलकूल आवडत नाही. हार्लन आमच्या चर्चच्या पंचांचा अध्यक्ष. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि चेहऱ्यावर कायम खिळा वाकडा गेल्याचा भाव आहे. त्याच्या मते उपदेश असा हवा, की निदान तीन माणसांना झोप लागली पाहिजे. "देवाचं वचन सांगायला केक कशाला लागतो?" असं तो विचारतो. (आणि मग तळघरात कॉफीबरोबर दोन तुकडे खातो.)

तर ह्या जोनसनं आल्याआल्या गूढपेटीची पद्धत सुरू केली. बूट मावतील एवढी लाकडी पेटी, झाकणाला पितळेची कडी. दर रविवारी ती एका घरी जायची. त्या घरानं आपल्या मनानं एक वस्तू आत ठेवायची आणि शनिवारी पेटी वेदीच्या पायऱ्यांवर आणून ठेवायची. रविवारी सगळी पोरं पायऱ्यांवर बसणार, पास्टर सगळ्यांसमोर पेटी उघडणार, आणि आत जे असेल त्यातून तीन मिनिटांत विश्वासाचा धडा काढून दाखवणार. सगळी पोरं म्हणजे चार. आमच्या मंडळीत डोकी बासष्ट, त्यातली केस असलेली वीस. म्हणून पेटी आम्हा म्हाताऱ्यांच्या घरीही फिरते.

दीड वर्षात त्याला कुणी अडवू शकलं नव्हतं. हार्लननं एकदा मुद्दाम गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी ठेवली. पास्टर म्हणाला, "दुसऱ्याच्या काचेवरचं कुसळ खरवडायच्या आधी आपल्या काचेवरचं मुसळ खरवडावं," आणि हसत हसत हार्लनकडेच बघितलं. तिथपासून दोघांचं बिनसलं.

जानेवारीतल्या त्या रविवारी पेटी आमच्याकडे आली. आर्डिसनं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं पोलीस वेगानं येणाऱ्या टँकरकडे बघतात.

"ऑर्लिन, पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे."

"माहीत आहे."

"पास्टरला ठेवायचं की नाही ह्यावर हात वर होणार आहेत. ते गेले तर नवीन कुणी येणार नाही. मग तीन गावांत मिळून एक पाळक, महिन्यातून एक रविवार. त्यांच्या बायकोनं आत्ता कुठे घराला पडदे शिवलेत. तू काहीतरी सरळ ठेव पेटीत. केळं ठेव."

"केळं ठेवतो," मी म्हणालो.

मला खरंच केळंच ठेवायचं होतं. (साधारण अकरा मिनिटं.) पण मंडळी, ज्याला कुणी अडवू शकलेलं नाही अशा माणसाची पेटी स्वतःहून माझ्या टेबलावर येऊन बसते आणि मी तिच्यात केळं ठेवायचं? उद्या वर गेल्यावर देवाला काय तोंड दाखवू? मत देणारे मत देतील, त्यांना माझ्या पेटीशी काय करायचंय, अशी मी मनाची समजूत घातली. ठरवलं, की ज्यात कसलाच धडा नाही अशी एक वस्तू शोधून काढायची. बस. एवढंच.

मला वाटलं, घर भरलंय वस्तूंनी, दहा मिनिटांचं काम.

सोमवारी सकाळी मी पलंगाखालून एक मोजा काढला. एकटा. त्याचा जोडीदार मागच्या हिवाळ्यापासून बेपत्ता. म्हटलं, ह्या भिकार मोज्यात काय असणार? पेटीत ठेवला, कडी लावली, आणि कडीवरून हात काढायच्या आतच माझ्या डोक्यात पास्टरचा आवाज सुरू झाला, "हरवलेला एक शोधायला नव्याण्णव सोडून जाणारा मेंढपाळ..." काढला मोजा. बॅटरी संपलेला टॉर्च ठेवला. "दिवे घेतले पण तेल घेतलं नाही अशा त्या पाच मूर्ख कुमारी..." काढला टॉर्च. उंदराचा सापळा ठेवला. सापळ्याला तर आवाजसुद्धा लागला नाही, तो स्वतःच मोह, मोह म्हणून ओरडत होता. माझी जुनी कवळी ठेवली. म्हटलं, कर आता काय करायचंय ते. आणि आठवलं, "तेथे रडणे व दात खाणे चालेल."

त्याच वेळी तळघरातून धडधड धडधड असा आवाज सुरू झाला. सोमवार आमचा कपडे धुण्याचा. आमचं वॉशिंग मशीन पिळायला लागलं की चालायला लागतं. म्हणजे खरंच चालतं, पायांनी. भिंतीपासून निघून जिन्यापर्यंत येतं. म्हणून दोन वर्षं झाली, दर सोमवारी ते पिळायला लागलं की आर्डिस त्याच्यावर चढून बसते आणि मांडीवर गीतांचं पुस्तक उघडते. त्या मशीनवर तिनं म्हटलेल्या प्रत्येक गाण्यात एक वेगळीच थरथर आलेली असते.

"टॉवेल जास्त घातले असशील," मी जिन्यावरून ओरडलो. हे मी दोन वर्षं ओरडतोय.

"दोनच घातलेत!" खालून थरथरतं उत्तर आलं.

मंगळवारी मी घाबरायला लागलो. कारण आता पेटीची गरजच उरली नव्हती. मी नुसतं बघितलं तरी धडा निघत होता. न्याहारीला अंडं फोडलं, तर ते उघडी पडलेली कबर झालं. टीव्ही लावला तर गाडीच्या विम्याची जाहिरात, "अपघात कधी होईल सांगता येत नाही, आजच या," आणि मी खुर्चीतून ताडकन उठलो, कारण ते मला थेट वेदीवरून आल्यासारखं वाटलं. टीव्ही बंद केला. रिमोट हातात राहिला. दुरून चालवणारा, न दिसणारा हात... रिमोट सोफ्याखाली लोटला.

बुधवारी गाडी काढून नुसता फिरलो. गाडीतूनच बर्गर मागवला. खिडकीतल्या पोरीनं भलत्याच कुणाची पिशवी दिली. "मागा म्हणजे तुम्हांला देण्यात येईल," मी पुटपुटलो.

"काय म्हणालात?" ती म्हणाली.

"काही नाही, पोरी. देवाचं वचन."

तिनं घाईघाईनं खिडकी लावली.

गुरुवारी मला एकदम उजेड पडला. पेटी रिकामीच द्यायची! काहीच नाही! काहीच नाही ह्यातून हा काय काढणार? मी आनंदानं टेबलावर थाप मारली. कॉफी सांडली. पुसता पुसता कळलं, की रिकामी वस्तू ही तर त्याची सगळ्यात लाडकी वस्तू. येशूची रिकामी कबर म्हणजे ईस्टर! आमचा सगळा धर्मच तिथून सुरू होतो! मी डोकं धरून बसलो.

"तुला बरं नाहीये का?" आर्डिस म्हणाली. "चार दिवस बघतेय, खुर्चीत बूड टेकत नाही तुझं. पेटीत काय ठेवलंस?"

"विचार चाललाय."

"केळ्याचा?"

"केळं ह्या शब्दातही काहीतरी असणार बघ," मी म्हणालो.

शुक्रवारी मी गॅरेजमध्ये गेलो, आणि तिथे खिळ्यांच्या डब्याच्या तळाशी मला तो सापडला. मुठीएवढा तुकडा. अर्धा रबर, अर्धा लोखंड, मध्ये भोक, एका बाजूला स्प्रिंगची शेपटी. त्याला नाव काय, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसणार. आणि ज्या वस्तूला नाव नाही, जी कशासारखी दिसत नाही, तिच्यातून कुठला बाप धडा काढणार?

आता तो तुकडा गॅरेजमध्ये आला कुठून ते सांगतो, पण आवाज खाली ठेवा. दोन वर्षांपूर्वी मी आमचं वॉशिंग मशीन स्वतः दुरुस्त केलं. आर्डिस म्हणत होती माणूस बोलावू. मी म्हटलं, अडतीस वर्षं टँकर सांभाळला, एक मशीन सांभाळता येणार नाही? सगळं खोललं, सगळं जोडलं, आणि शेवटी जमिनीवर हा एक तुकडा उरला. कुठूनही आलेला वाटेना. मशीन सुरू केलं, सुरू झालं. मी तुकडा खिशात टाकला आणि आर्डिसला सांगितलं, "झालं. नव्यासारखं." पहिल्या सोमवारी ते जिन्यापर्यंत चालत आलं. आता तुम्ही सांगा, तेव्हा खिशातून तुकडा काढायचा, की टॉवेलांना दोष द्यायचा? टॉवेल काही बोलणार नव्हते.

तुकडा पेटीत ठेवला. कान देऊन ऐकलं. डोक्यात कुठलाच आवाज आला नाही. आठवड्यात पहिल्यांदा शांतता. मी कडी लावली आणि पोटभर जेवलो.

शनिवारी सकाळी आर्डिस वेदीचं कापड बदलायला चर्चला निघाली. जाताना पेटी उचलून म्हणाली, "जड आहे. केळं नाही हे."

"उघडू नकोस. नियम आहे."

"मी कशाला उघडू?" ती म्हणाली आणि गेली.

मग मी हार्लनच्या दुकानात दिवा आणायला गेलो. हार्लननं मला बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा खिळा पहिल्यांदाच सरळ गेल्यासारखा दिसला.

"ऑर्लिन! पेटी ह्या वेळी तुझ्याकडे आहे म्हणे."

"होती. गेली चर्चला."

"काय ठेवलंस?"

"ते उद्या कळेल. पण त्याला जमणार नाही, एवढं सांगतो." (माझी जीभ! ती माझ्या आधी दुकानात शिरते.)

हार्लननं माझा हात हातात घेतला. गेल्या वीस वर्षांत घेतला नव्हता. "वाटलंच होतं मला. तुझ्यावरच भिस्त होती. मी आठदहा जणांना सांगून ठेवलंय, उद्या पेटी बघा. केक आणि सिनेमे आले की ह्याची जीभ चालते, खरी वस्तू समोर आली की बघा काय होतं ते. सगळ्यांसमोर तोंडाला कुलूप लागलं, की पुढे अर्ध्या तासानं हात वर करताना लोकांच्या लक्षात राहील. शाबास, म्हाताऱ्या. दिवा असाच घेऊन जा."

मी दिवा घेतला नाही. गाडीत येऊन बसलो. गाडी सुरू करायचं सुचेना. मला पोराची फिरकी घ्यायची होती, त्याची भाकरी नव्हे. डोळ्यांसमोर ते नवे पडदे हलायला लागले.

घरी आलो. आर्डिस परत आली होती आणि बटाटे सोलत होती.

"आर्डिस, चर्चची किल्ली दे."

"कशाला?"

"प्रार्थना करायला."

तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसला आणि माझ्या कपाळाला लावून बघितला. "ताप तर नाही."

"माणसानं शनिवारी प्रार्थना करू नये असं कुठे लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही. पण तू करशील असंही कुठे लिहिलेलं नाही. उद्या कर, सगळ्यांबरोबर." आणि किल्ली तिच्या ॲप्रनच्या खिशातच राहिली.

मला सांगता आलं असतं तिला. 'पेटीत तुझ्या मशीनचा तुकडा आहे, तो काढायचाय.' सोळा अक्षरंही नाहीत. (असतील. मी आठवी पास आहे.) पण दोन वर्षांचे टॉवेल माझ्या घशात अडकले.

रविवारी मी बर्फ काढायचं निमित्त करून तासभर आधीच चर्चला पोचलो. कोटाच्या खिशात एक बटाटा. बेत सोपा होता. पेटी उघडायची, तुकडा बाहेर, बटाटा आत. बटाटा जमिनीत गाडला जातो आणि वर येतो, हा धडा तर मीसुद्धा देऊ शकलो असतो. दार उघडंच होतं, आत गेलो, पायऱ्यांपर्यंत पोचलो, पेटीला हात लावणार, तेवढ्यात वेदीमागून आर्डिस मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. ती कधी आली होती कोण जाणे.

"कोटात काय फुगलंय तुझ्या?"

"बटाटा."

"का?"

"भूक लागली तर."

"कच्चा?"

तिनं माझं कोपर धरलं, मला मागून तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलं आणि शेजारी बसली. लोक यायला लागले. हार्लन सगळ्यात पुढच्या बाकावर बसला आणि मागे वळून मला डोळा मारला. माझ्या पाठीवरून घामाचा ओढा वाहिला. बाहेर उणे वीस होतं.

पहिलं गाणं झालं. वचनाचं वाचन झालं. मी बाकावर डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, बूट काढला, घातला. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून विचारलं, मुंग्या आहेत का. मग पास्टरनं पोरांना बोलावलं. चार पोरं पायऱ्यांवर बसली. त्यानं पेटी मांडीवर घेतली, कडी काढली, आत हात घातला आणि तुकडा वर धरला.

पोरांना विचारलं, "काय असेल बरं हे?"

"रोबोटचं नाक!" ट्रुडी म्हणाली. ती सहा वर्षांची आहे.

"गाईच्या पोटातलं काहीतरी," दुसरा म्हणाला.

लोक हसले. पास्टरनं तुकडा उलटा केला, सुलटा केला, भोकातून खिडकीकडे बघितलं. शेपटी ताणली. मी वाट बघत होतो, की आता हा काढेल काहीतरी. काढ रे पोरा. काहीही काढ.

त्यानं तुकडा गुडघ्यावर ठेवला आणि सगळ्या मंडळीकडे बघितलं. "हे काय आहे, कुणाला माहीत आहे का?"

कुणी बोललं नाही.

"माहीत असेल त्यानं सांगावं," तो म्हणाला. "मी थांबतो."

आणि तो थांबला. मंडळी, मी बर्फात अडकलेल्या टँकरमध्ये सात तास काढलेत, पण एवढं लांब काही पाहिलेलं नाही. मागच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. एक मिनिट झालं. कुणीतरी खोकलं. हार्लननं हाताची घडी घातली आणि आपल्या आठदहा जणांकडे वळून वळून बघितलं. पास्टर गप्प. त्याची बायको बाळाला घेऊन दुसऱ्या बाकावर होती. ती मान खाली घालून बाळाचा एकच पायमोजा सारखा करत होती, जो केव्हाच नीट होता. आर्डिस समोर बघत होती. तिचे हात मांडीवर होते, घट्ट.

आणि नेमका तेव्हाच, शुक्रवारपासून गप्प बसलेला तो आवाज माझ्या डोक्यात सुरू झाला. ह्या वेळी तो पास्टरचा नव्हता. माझाच होता.

मी उभा राहिलो. बटाटा खिशातून पडला आणि बाकांखालून गडगडत पुढे गेला.

"ते माझ्या बायकोच्या वॉशिंग मशीनमधलं आहे," मी म्हणालो.

बासष्ट डोकी वळली.

"दोन वर्षांपूर्वी मी ते मशीन जोडलं. हे उरलं. मला वाटलं, एवढुश्या तुकड्यावाचून काय अडतंय? तेव्हापासून मशीन तळघरात चालतं, आणि माझी बायको दर सोमवारी त्याच्यावर बसून त्याला आवरते. मी तिला सांगितलं, तू टॉवेल जास्त घालतेस." मी घसा खाकरला. थांबायला हवं होतं, पण आठवडाभराचं साठलं होतं. "वचनात आहे ना, बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड तोच कोनशिला झाला. तो बांधणारा गाढव कोण होता, मला आता माहीत आहे. आणि पौल म्हणतो, डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. मी म्हणालो. डब्यात टाकून दिलं. आणि मग केलं काय? आदामानं पहिल्याच दिवशी केलं तेच. 'तू मला दिलेल्या बायकोनं केलं.' आदामाकडे निदान सफरचंद होतं. माझ्याकडे टॉवेल होते."

मग दुसऱ्या बाकावरून पास्टरच्या बायकोचा एक विचित्र आवाज आला, आणि मग सगळं चर्चच हसायला लागलं. चाळीस वर्षं माझ्या फिरक्यांना हे लोक एवढे हसले नव्हते. पास्टर पायऱ्यांवरून उठला, तुकडा वर धरून म्हणाला, "ऑर्लिननी माझं काम केलं. आमेन." बस, एवढंच बोलला आणि पोरांना जागेवर पाठवलं.

अर्ध्या तासानं हात वर झाले. पास्टरला ठेवावं म्हणून सत्तेचाळीस. नको म्हणून पाच. हार्लनचा हात कशातच नव्हता. नंतर तळघरात कॉफी घेताना तो माझ्याजवळ सरकला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "माझ्याकडे दोन उरलेत. गवत कापायच्या मशीनचे. शर्लीला बोलू नकोस." (शर्ली म्हणजे त्याची बायको.) आणि केकचा तिसरा तुकडा घेऊन गेला.

गाडीत बसलो तेव्हा माझी छाती कोटात मावत नव्हती. आर्डिस हातमोजे चढवत होती. तुकडा तिच्या पर्समध्ये होता. पास्टरनं सगळ्यांसमोर तिच्याच हातात दिला होता.

"बघ," मी म्हणालो, "मी उठलो म्हणून पास्टर वाचले. त्यांना काही सुचतच नव्हतं. पवित्र आत्म्यानं मला उभं केलं, आर्डिस."

"त्यांना तीन धडे सुचले होते," ती म्हणाली.

"काय?"

"काल सांगितले त्यांनी मला. तिन्ही चांगले होते. कोनशिलेचा तुझ्यापेक्षा बरा होता."

"काल? म्हणजे तू पेटी उघडलीस!"

"उघडली. मशीनबरोबर पुस्तक आलं होतं, त्यात पान एकोणीसवर चित्र आहे त्याचं. दोन वर्षं मला माहीत आहे काय उरलंय ते. कुठे आहे तेवढं माहीत नव्हतं. सरळ पास्टरच्या घरी गेले आणि म्हटलं, उद्या हे वर धरा, विचारा कुणाला माहीत आहे का, आणि मग तोंडातून एक शब्द काढू नका."

मी गाडीची किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. मी ती फिरवलीच नव्हती.

"अगं, पण मतं होती! त्यांची नोकरी होती! हार्लन टपून बसला होता! मी उठलोच नसतो तर?"

"पास्टरनी पण हेच विचारलं," आर्डिस म्हणाली आणि पट्टा लावला. "मी म्हटलं, पास्टर, निर्धास्त राहा. शेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला, हा माणूस तीन मिनिटं गप्प बसलेला मी अजून पाहिलेला नाही."